पैसा फंड ते यूपीआय : छोट्या वर्गणीची ताकद नेमकी कुठे आहे?

(पुण्यातील एका युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



आयोजकांनी मला दिलेला विषय फार मोठा आहे. नागरिकांच्या छोट्या देणग्या, गरिबीशी लढा आणि राष्ट्रउभारणी. मी अर्थतज्ज्ञ नाही आणि आलिम तर मुळीच नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका खात्यातून निघालेला रुपया दुसऱ्या खात्यात पोचला का, नाही पोचला तर मध्ये कुठे अडकला, आणि दोन्हीकडचा हिशेब रात्री जुळला का, हे बघणं माझं रोजचं काम. त्यामुळे मी या विषयाकडे त्याच नजरेनं बघणार आहे. भावनिक आवाहन करणारे वक्ते आपल्याकडे खूप आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

सुरुवात इचलकरंजीपासून करतो. यंत्रमागाचं गाव. २०२०चा मे महिना आठवा. लॉकडाऊन, माग बंद, कामगारांच्या हाताला काम नाही, आणि त्यातच रमजान. त्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात, म्हणजे गाव ज्याला आयजीएम म्हणतं त्या सरकारी दवाखान्यात, दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. ईदच्या दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. त्याच दोन महिन्यांत टीव्हीवर आपल्याबद्दल काय चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याला उत्तर म्हणून कितीतरी पत्रकं निघाली, कितीतरी व्हिडिओ फिरले. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात ठाम उत्तर त्या दहा खाटांचं होतं. त्या खाटेवर कोण झोपणार, त्याचं नाव काय, हे कुणी विचारणार नव्हतं.

हे उदाहरण आपण सगळे अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं. पण मला त्यापुढचा प्रश्न पडतो. ३६ लाख एका संकटात उभे राहिले, मग दर वर्षी, संकट नसताना, त्याच्या निम्मे तरी का उभे राहत नाहीत? माणसं तीच, श्रद्धा तीच, गरज तर रोजचीच. मग कमी काय पडतं? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

यासाठी सव्वाशे वर्षं मागे जाऊ. एकोणिसावं शतक संपता संपता महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक माणसानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. त्यातून देशी उद्योग उभे करायचे. याचं नाव पैसा फंड. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या २९ कोटींच्या घरात होती. म्हणजे प्रत्येकानं एक पैसा दिला तर वर्षाला सुमारे ४५ लाख रुपये. कागदावर हिशेब अगदी चोख आहे. आपल्याकडे कुणीतरी दर रमजानमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर असाच हिशेब पाठवतं, 'वीस कोटी मुसलमान, प्रत्येकी दहा रुपये', तशाच जातीचा.

काळे यांना लोक हसले असतील, हे आपण समजू शकतो. पण ते फिरत राहिले. लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला, स्वयंसेवक गावोगाव डबे घेऊन फिरले, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्या काळी बांगड्या, कंदिलाच्या काचा परदेशातून यायच्या. कारखान्याची तांत्रिक बाजू ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळली. ते अमेरिकेत आणि जपानमध्ये शिकून आलेले. तळेगावचा हा कारखाना नुसता माल काढत नव्हता, तो मुलांना काच बनवायला शिकवत होता, आणि शिकून गेलेली माणसं पुढे देशात ठिकठिकाणी या धंद्यात गेली. पैसा फंड हे नाव इतकं लोकांच्या तोंडी बसलं की आमच्या कोकणात संगमेश्वरला आजही पैसा फंड नावाची शाळा आहे. तिथून शिकलेली कितीतरी कोकणी मुस्लिम मुलं आज आखातात आणि मुंबईत आहेत. नावामागची गोष्ट त्यातल्या किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.

आता यात ४५ लाख जमले का? अर्थातच नाही, त्याच्या जवळपासही नाही. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. एक पैसा गोळा करायला जो स्वयंसेवक घरोघर जातो, त्याच्या चपलेची झीज एका पैशापेक्षा जास्त असते. पावती छापायची, डबा उघडायचा, मोजायचा, पुण्याला पाठवायचा. देणगी जितकी छोटी, तितका ती गोळा करण्याचा खर्च भारी पडतो. छोट्या देणगीच्या प्रत्येक मोहिमेचा गळा शंभर वर्षं इथेच आवळला गेला. म्हणून मग संस्था काय करतात? दमतात आणि एका मोठ्या शेठकडे जातात. एक चेक, एक सही, एक फोटो. काम संपलं.

पण शेठकडे जाण्याची किंमत काय असते, हे आपल्या समाजातल्या लोकांनी फार पूर्वी ओळखलं होतं. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला. त्याच्या विचारांशी इथल्या प्रत्येकाचं जुळेलच असं नाही, माझंही सगळीकडे जुळत नाही. पण त्याच्या पैशाची रचना बघा. मौलाना कासिम नानोतवी यांनी मदरशासाठी आठ तत्त्वं लिहून ठेवली. त्यांतली काही सरळ पैशाबद्दल आहेत. सार असं की मदरशाला जहागीर, कारखाना किंवा एखाद्या धनवंताचं पक्कं आश्वासन मिळालं तर त्यातून नुकसानच होईल. सरकार आणि श्रीमंत यांचा सहभाग घातक ठरेल. नावाची अपेक्षा न ठेवणाऱ्या सामान्य माणसाच्या चंद्यावर चाला. १८५७ नंतरचा काळ तो. दिल्लीचा दरबार संपलेला, नवाबांची मदत आज आहे तर उद्या नाही. आणि देवबंदनं आणखी एक गोष्ट केली. दर वर्षी अहवाल छापला. त्यात देणाऱ्यांची यादी. कुणी रोख दिली, कुणी पुस्तकं, कुणी विद्यार्थ्यांचं जेवण. त्या याद्यांत हिंदू देणगीदारांचीही नावं आढळतात. आमच्या क्षेत्रात आता 'पब्लिक लेजर', म्हणजे सगळ्यांना बघता येणारी हिशेबवही, हा मोठा नवा शोध असल्यासारखं बोललं जातं. ती वही तेव्हा लिथोवर छापली जात होती.

जामिया मिलियाचीही गोष्ट हीच. १९२० मध्ये स्थापना, सरकारी पैसा घ्यायचा नाही हा निश्चय. १९२७च्या अखेरीस हकीम अजमल खान गेले आणि मोठा आधार तुटला. मग झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षं सेवा करण्याची, दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली, आणि 'हमदर्दान-ए-जामिया' या नावानं सामान्य लोकांकडून छोटी छोटी वर्गणी गोळा करणं सुरू झालं. लाहोरच्या अंजुमन हिमायत-ए-इस्लामसाठी तर घरातल्या बायका रोज पीठ मळताना एक मूठ बाजूला काढायच्या आणि अंजुमनचे लोक ते पीठ घरोघर जाऊन गोळा करायचे. आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी शेतकऱ्यांच्या घरून मूठभर धान्य यायचं. सगळ्या जातिधर्मांची मुलं त्या एका पंगतीत जेवायची. लाहोरची मूठ आणि साताऱ्याची मूठ, दोन्ही एकमेकींना ओळखत नसतील, पण युक्ती एकच.

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते मुद्दा इथे आहे. आपण छोट्या देणगीचं कौतुक 'थेंबे थेंबे तळे साचे' या भाषेत करतो. म्हणजे शेवटी रक्कम मोठी होते म्हणून ती चांगली. मला हे अपुरं वाटतं. रक्कम मोठी करायची असेल तर शेठचा चेक जास्त सोपा आहे. छोट्या वर्गणीचा खरा फायदा हा की देणारे हजार असले तर त्यातला कुणीही एकटा संस्थेचा मालक होऊ शकत नाही, आणि त्याच वेळी हजारही जण हिशेब विचारू शकतात. ज्या घरून महिन्याला मूठभर पीठ गेलं त्या घरातली बाई विचारते, 'शाळेत आमच्या मोहल्ल्यातल्या किती मुली घेतल्या?' शेठला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या नावाची पाटी लागली की त्याचं समाधान होतं. (सगळे शेठ असे नसतात, हे मान्य. तुमच्या ओळखीत वेगळे असतील तर त्यांचा नंबर आयोजकांना द्या.)

आता कडू भाग. तो टाळला तर बाकीचं सगळं बोलणं खोटं ठरेल. १९१९ ते १९२२ या काळात खिलाफत चळवळीसाठी या देशातल्या मुसलमानांनी जे दिलं त्याला तोड नाही. बी अम्मांसारखी वृद्ध स्त्री गावोगाव फिरत होती, बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या. खिलाफत समितीचं मुख्य कार्यालय इथेच, मुंबईत. आणि मग हिशेब तपासायला बसल्यावर निघालं की फंडातली मोठी रक्कम समितीच्या अध्यक्षांच्या, एका बड्या व्यापाऱ्याच्या, धंद्यात गुंतलेली होती. भरपाई म्हणून त्यांना लाकूड कापण्याच्या गिरण्या समितीच्या नावे कराव्या लागल्या. तुर्कस्ताननं खिलाफत १९२४ मध्ये बरखास्त केली आणि चळवळीचं राजकीय कारणच गेलं, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या आधीच लोकांचा विश्वास उडायला लागला होता, हे पुस्तकात कमी येतं. ज्या बाईनं बांगडी दिली होती तिनं पुढच्या वेळी दारात आलेल्या स्वयंसेवकाला काय सांगितलं असेल? आणि तिच्या मुलीला काय सांगितलं असेल?

हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं म्हणून सोडून देऊ नका. आज तुमच्या मोहल्ल्यात जा आणि कुणालाही विचारा, 'वर्गणी का देत नाही?' पैसे नाहीत असं फार थोडे म्हणतील. बहुतेक जण म्हणतील, 'भाई, जातात कुठे ते कळत नाही.' रमजानमध्ये दाराशी पावतीपुस्तक घेऊन येणारा माणूस कुठल्या गावचा, मदरसा खरा आहे की नाही, काही कळत नाही. तरी आपण शंभर-दोनशे देतो, कारण महिना मोठा आहे आणि नाही म्हणवत नाही. ते देणं असतं, पण त्यात आपली भागीदारी नसते.

आता तंत्रज्ञानाकडे येतो, कारण ते माझं क्षेत्र. अंताजी काळ्यांची अडचण, म्हणजे पैसा गोळा करण्याचा खर्च पैशापेक्षा जास्त, ही अडचण आपल्या पिढीत संपली. मी हे हलकेपणानं म्हणत नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात त्यावरून १,६०० कोटींहून जास्त व्यवहार झाले. वडापाववाल्याला वीस रुपये पाठवताना तुमच्याकडून काही कापलं जात नाही, तसंच संस्थेला वीस रुपये पाठवतानाही नाही. २०२० पासून ऑटोपे आहे. एकदा परवानगी दिली की ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आपोआप जाते, १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिनही टाकावा लागत नाही. तुम्ही सिनेमे बघायच्या अ‍ॅपला हीच परवानगी दिलेली आहे, विसरलाही असाल. अंताजी काळ्यांना हे मिळालं असतं तर त्यांनी तळेगावला एक कारखाना काढून थांबले नसते.

मग अडलंय कुठे? केरळमध्ये एप्रिल २०२४ मध्ये काय झालं बघा. कोझिकोडचा एक माणूस सौदी अरेबियात फाशीच्या शिक्षेत अडकला होता. दियत, म्हणजे मृताच्या घरच्यांनी मान्य केलेली भरपाईची रक्कम, होती सुमारे ३४ कोटी रुपये. लोकांनी ती मुदतीच्या आत उभी केली. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, सगळ्यांनी. त्यासाठी एक अ‍ॅप केलं होतं, त्यावर जमलेली रक्कम समोर दिसत होती. पुढे त्याची फाशी रद्द झाली. पैसे पोचवण्याची सोय आहे, लोकांची दानत आहे, आकडा समोर दिसला की भरवसाही बसतो, हे सगळं त्यात सिद्ध झालं. पण ती एका माणसाच्या जिवाची गोष्ट होती, तारीख ठरलेली होती. गरिबीला अशी तारीख नसते. आठवीतली मुलगी शाळा सोडते त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

आमच्याकडे एक साधं गणित असतं. दर महिन्याला किती ग्राहक सोडून जातात, म्हणजे गळती. समजा तुमच्या वस्तीत शंभर जणांनी महिन्याला पन्नास रुपये द्यायचं कबूल केलं. दर महिन्याला उरलेल्यांतले फक्त पाच टक्के गळाले तर वर्षाच्या शेवटी चोपन्न उरतात. गळती एक टक्का ठेवली तर अठ्ठ्याऐंशी. आपल्या सगळ्या संस्था नवे देणगीदार शोधायला जीव काढतात. जलसा, बॅनर, पाहुणे. जुन्या देणगीदाराला महिन्याला चार ओळींचा हिशेब पाठवायला मात्र कुणी नसतं. बादलीला भोक आहे आणि आपण नळ मोठा करतोय.

बरं, ही नियमितता काही आपल्याला परकी नाही. आपल्या आया आणि आपा वर्षानुवर्षं भिशी चालवतात. कुणाचा नवरा रिक्षा चालवतो, कुणाचा बेकरीत आहे, पण महिन्याच्या पाच तारखेला भिशीचे पैसे येतात म्हणजे येतात. का येतात? वही एकीच्या हातात, पण आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ. आणि चुकवलं तर संध्याकाळी जिन्यात गाठ पडते! मला विचाराल तर मोहल्ल्याच्या निधीचा खजिनदार निवडताना इंजिनिअर किंवा सीए शोधण्याआधी दहा वर्षं न भांडता भिशी चालवलेली बाई शोधा.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. यातून गरिबी हटेल का? समजा महाराष्ट्रात आणि बाहेर मिळून एक कोटी माणसं महिन्याला शंभर रुपये द्यायला लागली. हे स्वप्नच आहे, पण समजा. वर्षाचे झाले १,२०० कोटी. केंद्र सरकारचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटींचा आहे. म्हणजे आपलं स्वप्न पूर्ण होऊनही ते त्याच्या एका टक्क्याचा चाळिसावा भागही होत नाही. म्हणून 'सरकार नको, आपण आपलं बघून घेऊ' असं कुणी म्हणालं तर त्याला हा भागाकार दाखवा. शाळा, दवाखाना, रस्ता, रेशन ही सरकारची जबाबदारी आहे आणि राहिली पाहिजे. आपण कर भरतो. माचिसच्या काडीवरही भरतो.

मग आपले पन्नास रुपये कुठे टाकायचे? जिथे सरकारचा मोठा पैसा छोट्या अडचणीपाशी अडकतो, तिथे. शिष्यवृत्ती मंजूर होऊ शकते, पण उत्पन्नाचा दाखला नाही, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, बँक खातं बंद पडलंय. मुलगा आयटीआयला लागला, पण पहिल्या महिन्याचा प्रवास आणि हत्यारांचा खर्च नाही. घरातला कमावता माणूस दोन महिने पडून आहे आणि तेवढ्यात मुलाला गॅरेजवर पाठवलं, तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून आहे. किती जणांना माहीत आहे? हात वर करा. बघा, पाच-सहा. मोठमोठ्या पंचतारांकित रुग्णालयांना हा नियम लागू आहे, आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर तिथल्याच बिलासाठी क्यूआर कोड फिरवतोय. वस्तीच्या निधीतून एका हुशार मुलीला अर्धवेळ मानधन देऊन फक्त ही कागदपत्रं, ही खाट, ही शिष्यवृत्ती मिळवून देण्याच्या कामाला बसवलं, तर तिच्या मानधनाच्या कितीतरी पट पैसा वस्तीत येतो. तो आपल्याच हक्काचा पैसा असतो.

आणि आपण आत्ता कुठे देतो त्याकडेही बघा. २००६च्या सच्चर समितीनं सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मदरशात जातात. बाकीची साध्या शाळेत, किंवा कुठेच नाहीत. तुमच्या घरच्या रमजानच्या पावत्या काढा आणि त्यातल्या किती मदरशांच्या आहेत, किती बाकीच्या सत्त्याण्णव टक्के मुलांसाठी आहेत, मोजा. मदरशांना देऊ नका असं मी म्हणत नाही. मोजा म्हणतोय.

रमजानची आणखी एक गंमत. आपला बहुतेक पैसा एका महिन्यात येतो, आणि तो महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एक रमजान आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा सुरू होईल. शाळेची फी मात्र जूनमध्येच. घरमालक दर महिन्याच्या एक तारखेलाच येतो. म्हणून महिनावारी वर्गणी लागते. जकातही वर्ष पूर्ण होण्याआधी थोडी थोडी देता येते असं बरेच आलिम सांगतात, आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

जकातीवरून एक व्यावहारिक गोष्ट, आणि ही कृपा करून लिहून घ्या. जकात आणि सर्वसाधारण वर्गणी एका खात्यात ठेवू नका. जकात कुणाला द्यायची याचे आठ प्रकार सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत, आणि हनफी मतानुसार ती गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. कार्यालयाचं भाडं, कॉम्प्युटर, मानधन यांवर ती खर्च करायला अनेक आलिम हरकत घेतात. म्हणून दोन खाती, दोन वह्या. दुसऱ्या वहीतला पैसा वस्तीतल्या कुठल्याही धर्माच्या गरजवंतासाठी, आणि तो देणाराही कुठल्याही धर्माचा असू दे. आमच्या इमारतीत खाली पाववाला युसुफभाई असेल, वर बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णी काका असतील, तर या वहीत दोघांची नावं असायला काय हरकत आहे? राष्ट्रउभारणी हा शब्द मला जरा जड वाटतो. पण एका वस्तीतली दोन धर्मांची माणसं एका वहीत सही करतात आणि महिन्याअखेर एकत्र हिशेब तपासतात, याला मी तो शब्द वापरायला तयार आहे.

आणखी दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी पटकन. कुणाच्याही वैयक्तिक क्यूआर कोडवर पैसे घेऊ नका, तो माणूस वली असला तरी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या खात्यावरच घ्या. ट्रस्टला ८०जीची मान्यता असेल तर देणगीदाराला आयकरात सवलत मिळू शकते, पण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही. आणि आखातातले मामू-चाचा. विदेशी देणगीचा कायदा कडक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेला पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. पण ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याचा पैसा धरला जातो, मग तो रत्नागिरीत जन्मलेला का असेना. पैसे घेण्याआधी पासपोर्ट कुठला हे विचारा. विचारायला लाजू नका.

आता दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत.

पहिला : 'देणगीदारांची नावं जाहीर केली तर रिया, म्हणजे दिखावा, होणार नाही का?' चांगला प्रश्न आहे. देणाऱ्याचं नाव लपवता येतं, रक्कम नाही. वहीत 'एक बंदा, ५० रुपये' असं लिहा. पावती क्रमांक लिहा. देणारा आपला क्रमांक शोधून बघू शकतो. घेणाऱ्याचं नाव मात्र कधीही फलकावर लावू नका, आणि पिशवी देतानाचा फोटो काढू नका. माझा आग्रह आहे की फोटो काढणाऱ्या संस्थेला तुम्ही देणं बंद करा आणि का बंद केलं ते त्यांना लेखी कळवा. तुम्ही महिन्याला पन्नास देणारे असाल तर तुम्हाला तो अधिकार आहे.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे : 'मला उत्पन्न नाही, घरून मिळालेल्या पैशातून द्यावं का?' ताई, द्यायचेच असतील तर महिन्याला दहा रुपये द्या, म्हणजे तुमचा पावती क्रमांक तयार होईल आणि तुम्हाला हिशेब विचारता येईल. पण तुमच्याकडून मला पैशांपेक्षा महिन्याचे दोन तास हवे आहेत. तुम्ही बी.कॉम.ला आहात असं चिठ्ठीवर लिहिलंय. तुमच्या मोहल्ल्यात जो कुठला निधी असेल, मशिदीचा, जमातीचा, मंडळाचा, त्याच्या खजिनदारांकडे जा, सलाम करा आणि म्हणा, चाचा, महिन्याचा जमाखर्च मी एका पानावर लिहून देते, तुम्ही फक्त बँकेचं पासबुक दाखवा. काही जण दाखवणार नाहीत. जे दाखवतील त्यांच्यापासून सुरू करा. ते पान वुजूखान्याशेजारच्या फलकावर लावा, आणि खाली तारीख लिहायला विसरू नका.